उडीचा क्लास कसा आहे म्हणून विचारणाऱ्यांसाठी : कोल्हापुरातली तिहेरी उडीची बॅच

आधीच सांगतो, बोर्ड शोधत जाऊ नका, बोर्ड नाहीच. ॲकॅडमी म्हणावं असं काही नाही तिथं, एक ग्राउंड, कडेला वाळूचा खड्डा, जमिनीत बसवलेली एक लाकडी फळी आणि सकाळी पावणेसहाला गळ्यात शिट्टी अडकवून उभे असलेले सर, एवढाच कारभार. सर म्हणजे एकेकाळचे तिहेरी उडीचे चॅम्पियन, राज्यात पहिले आणि पुढं नॅशनलला पण मेडल मारलेले. त्यांचं नाव टाकत नाही कारण त्यांना आवडत नाही, नाव ऐकून येतात आणि महिन्यात पळून जातात म्हणतात. सकाळी पळायला येणाऱ्या कुठल्याही पोराला 'उडीचे सर कुठं' म्हणून विचारा, हात करून दाखवेल.

भाची माझ्याकडं असते शाळेसाठी, ताई आणि भावजी गारगोटीला. पोरगी शाळेत लांब उडीत कायम पहिली, तर पीटीच्या बाई म्हणाल्या हिच्या पायात ताल आहे, हिला तिहेरीला घाला. आता आपण पडलो कोल्हापूरचे, कुस्ती विचारा, फुटबॉल विचारा, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमला दुपारपासनं जागा धरून बसू, पण तिहेरी उडीत आधी कुठला पाय पडतो विचारलं की सगळे गप. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पळत येऊन ज्या पायानं फळीवरनं उडायचं त्याच पायावर परत पडायचं, हा हॉप, मग तिथनं दुसऱ्या पायावर, ती स्टेप, आणि त्या पायावरनं उडून वाळूत, तो जंप. मोठ्या स्पर्धांत फळी वाळूपासनं पुरुषांसाठी निदान १३ मीटर आणि बायकांसाठी ११ मीटर लांब असते, म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांत गडबड झाली तर गडी वाळूपर्यंत पोचतच नाही, मध्येच ट्रॅकवर आपटतो. लांब उडीत चुकलं तरी वाळूतच पडतो माणूस, इथं तसं नाही.

सरांचं करिअर थोडक्यात सांगतो कारण ते पण थोडक्यातच सांगतात. गावाकडं उसाच्या सरीवरनं उड्या मारत मोठे झाले, कॉलेजात आल्यावर कुणीतरी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालायला दिले, मग मेडलं, मग स्पोर्ट्स कोट्यातनं नोकरी, आणि ऐन भरात असताना घोटा मोडला. परत आले, पण अर्धा मीटर कमी पडायला लागलं आणि ते अर्धा मीटर काय परत मिळालं नाही. मग बरीच वर्षं नुसती नोकरी, ग्राउंडकडं फिरकले पण नाहीत. नंतर शेजारच्या दोन पोरांना शिकवायला लागले आणि त्याची ही बॅच झाली.

आता मुद्द्याचं. चॅम्पियन होता म्हणून कोच चांगला असेल असं आपल्याकडं सगळे धरून चालतात, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. बऱ्याच ग्राउंडवर बघितलंय, जुना चॅम्पियन खुर्ची टाकून बसतो आणि 'आमच्या वेळी' सुरू, पोरं बिचारी राउंड मारत्यात. हे सर चांगले आहेत ते चॅम्पियन होते म्हणून नाही, स्वतःची उडी बाजूला ठेवता येते म्हणून. त्यांचा स्वतःचा हॉप म्हणे लई उंच जायचा, फोटोत भारी दिसायचा, पण तेवढ्या उंचावरनं खाली आलं की सगळा वेग तिथंच मरायचा आणि स्टेप आखूड पडायची. आयुष्यभर तशीच उडी मारली, मेडलं पण त्यातच मिळाली, तरी पोरांना तो हॉप शिकवत नाहीत. उलट कुठलं पोरगं फार वर गेलं की लांबनंच ओरडतात, 'ए, विमान पकडायचंय काय, खाली ये!'

त्यांची एक पद्धत मला जाम आवडली. ग्राउंड आखायची फक्की असते ना, ती घेऊन जमिनीवर रेषा मारून ठेवतात. जोनाथन एडवर्ड्सनं ७ ऑगस्ट १९९५ ला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटर मारली, जो वर्ल्ड रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही, ती उडी तुकडे करून आखायची, हॉप ६.०५, स्टेप ५.२२, जंप ७.०२. आणि पोरांना म्हणायचं चाला यावरनं. पोरं चालतात, मोजतात, एका हॉपच्या अंतरात आपली किती पावलं बसतात बघतात आणि डोळे पांढरे करतात. मुलींसाठी व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासची, बायकांच्या वर्ल्ड रेकॉर्डची १५.७४ ची रेघ वेगळी, ती २०२२ ला बेलग्रेडला इनडोअरमध्ये मारलेली. भाची घरी येऊन आमच्या हॉलपासनं गॅलरीपर्यंत टेप लावून बसली आणि घर संपलं तरी उडी संपेना. यात शिकवण्यासारखं ते हे की स्टेप सगळ्यात आखूड असली तरी ती मेली की सगळंच मेलं, आणि एडवर्ड्स काय लई ताकदीचा गडी नव्हता, रंकाळ्यात चपटा दगड मारला की टप्पे घेत सुळकन जातो तसा जायचा, वेग न मोडता.

पण हे सगळं बघायचं आणि मोजायचं, उडी मारायची नाही! सुरुवातीचे किती महिने तरी पोरीला पूर्ण तिहेरी उडी मारूच दिली नाही. लंगडी. नुसती लंगडी. उजव्या पायानं, डाव्या पायानं, गवतावर, चढावर, मग हात कसे मागनं येतात, तळवा सपाट कसा पडतो, मग दोरी, मग बुटकी खोकी. ताईचा फोन यायचा, 'अरे बाराशे रुपये भरून लंगडी खेळायला पाठवतोयस होय, ती आमच्या अंगणात फुकट खेळायची.' शेवटी ताई स्वतः आली एका रविवारी, सरांना भेटली. सर म्हणाले, 'ताई, पोरीची हाडं अजून वाढत्यात. स्टेपला पाय टेकतो तवा अंगाच्या वजनाच्या दहापटीच्या वर भार येतो एका पायावर. आत्ता उडी मारायला लावली तर पुढच्या वर्षी मेडल मिळंल, त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टर मिळंल.' ताई काही बोलली नाही, पण परत लंगडीचा विषय काढला नाही तिनं.

आणि त्या दिवशी सरांनी तेडी तामगोची गोष्ट सांगितली, ती मी नंतर घरी येऊन वाचली पण, सगळी खरी आहे. हा फ्रान्सचा गडी. २०१० ला दोहात वर्ल्ड इनडोअरला १७.९० मारून रेकॉर्ड केला, २०११ ला पॅरिसला १७.९२, आणि त्याच वर्षी घोटा मोडला. लंडन ऑलिंपिक गेलं. परत आला, २०१३ ला मॉस्कोत वर्ल्ड चॅम्पियन, १८.०४, म्हणजे अठराच्या पुढं जाणारा जगात तिसरा माणूस. त्यानंतर थोड्याच महिन्यांत नडगीचं हाड मोडलं. मग डोपिंगवाल्यांच्या टेस्ट चुकल्या, म्हणजे औषध सापडलं असं नाही, पण मी कुठं आहे हे त्यांना कळवायचं असतं आणि त्यांना तो तीनदा सापडला नाही, त्यावर एक वर्षाची बंदी. बंदी संपून परत आला तर २०१५ ला टाचेची शीर, अकिलीस, तुटली. एवढं सगळं एका माणसाच्या वाट्याला. ऑलिंपिकचं मेडल शेवटपर्यंत नाही.

पण त्यानं काय केलं, कोच झाला. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा एक पोरगा, उग फाब्रिस झांगो, फ्रान्समध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी करत करत उड्या मारायचा, तो याच्याकडं आला. जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्समधल्या ओबिएरला झांगोनं १८.०७ मारली. इनडोअरमध्ये अठराच्या पुढं पहिलाच माणूस, आणि मोडला कुणाचा रेकॉर्ड, तर स्वतःच्या गुरूचा, ते १७.९२! त्याच वर्षी टोकियोला झांगोला ब्राँझ मिळालं आणि ते त्याच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलं मेडल. आणि तामगो स्वतः कुणाकडं शिकला होता तर क्युबाच्या इव्हान पेद्रोसोकडं, जो मुळात लांब उडीचा ऑलिंपिक चॅम्पियन, तिहेरीवाला नव्हेच. रोहास पण त्या पेद्रोसोचीच. म्हणजे आपल्याला जी उडी येते तीच शिकवायची असं काही नसतं, समोरच्याच्या पायात काय आहे ते बघायचं. हे शेवटचं मी म्हणतोय, सर एवढं बोलत नाहीत. ताईला मात्र त्यात एकच गोष्ट ऐकू आली, पीएचडी. दहावीचं वर्ष आलं की ग्राउंड बंद करायचं असं तिचं पक्कं होतं, ते जरा सैल पडलं.

तामगोच्या त्या बंदीमुळं की काय माहीत नाही, पण सरांचं हजेरीबुक लई कडक आहे. येणार नसाल तर आदल्या रात्री मेसेज. न सांगता दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी उडी नाही, वाळू ओढायची. खोरं घेऊन खड्डा सारखा करायचा, पाणी मारायचं, फळी पुसायची. आमदाराचा पोरगा असला तरी ओढायची, आणि असा एक होता, ओढली त्यानं.

वॉर्मअपच्या बाबतीत तर बोलायचीच सोय नाही. तिथं हेन्री रेबेलोची गोष्ट प्रत्येक नव्या पोराला ऐकायला लागते. १९४८ चं लंडन ऑलिंपिक, भारताचा तिहेरी उडीचा पोरगा, फायनलला पोचलेला, मेडलची आशा. उडीसाठी नाव पुकारलं आणि तेवढ्यात मैदानावर मेडल वाटायचा कार्यक्रम निघाला, म्हणून थांब म्हणाले. थंडीत उभा राहिला, अंग गार पडलं, मग परत बोलावलं तेव्हा तसाच पळाला आणि मांडीचा स्नायू फाटला, तिथंच संपलं. आणि सर पुढं जोडतात की त्याच ऑलिंपिकला आपला खाशाबा जाधव पण होता, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला म्हणून जाऊ शकला, सहावा आला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ आणलं. खाशाबा सगळ्यांना माहीत, रेबेलो कुणाला माहीत नाही. पोरं त्या दिवसापासनं जर्किन काढायला लावलं की कुरकुर करतात, ते पण बरंच आहे.

मध्ये भाचीच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, जरा टेंगूळ आल्यासारखं पण झालं. दुसरा कोणी असता तर स्प्रे मारून पळवली असती, समोर जिल्ह्याची स्पर्धा होती. सरांनी हाताने दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तवर उडी बंद, स्पर्धा बिर्धा काही नाही. डॉक्टर म्हणाले वाढीच्या वयात खेळणाऱ्या पोरांत होतं हे, विश्रांती आणि स्ट्रेचिंग. तेवढे दिवस सर तिला रोज बोलवायचे, बसून मांडीचे, पोटाचे व्यायाम, आणि दुसऱ्या पोरांच्या उड्या मोबाईलवर शूट करायचं काम. त्यातनं तिचा डोळा इतका तयार झाला की आता टीव्हीवर बघता बघता म्हणते, मामा, ह्याचा फाउल आहे बघ, आणि खरंच लाल झेंडा वर होतो. स्पर्धा गेली त्याचं तिला वाईट वाटलं, रडली पण. पण गुडघा चांगला आहे आज.

फळीच्या बाबतीत एक सांगतो, लोक म्हणतात एवढा कसला काटेकोरपणा. मोजमाप फळीच्या पुढच्या कडेपासनं होतं, तुम्ही कुठनं उडालात त्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे कडेच्या वीतभर मागनं उडालात तर ती वीत गेली, आणि केसभर पुढं गेलात तर उडीच गेली. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या एल्धोस पॉलला गोल्ड आणि अब्दुल्ला अबूबकरला सिल्व्हर, दोघं केरळचे, आकडे काय तर १७.०३ आणि १७.०२. एक सेंटिमीटर! म्हणून सर रनअपची पावलं मोजून घेतात, टेप जमिनीला लावून, प्रत्येकाची खूण वेगळी, आणि वारा समोरनं असेल तर खूण किती पुढं घ्यायची ते पोरांनाच ठरवायला लावतात. चुकू दे म्हणतात, स्पर्धेत मी शेजारी नसतोय.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल मामाला फी माफ आहे. नाही, फी महिन्याला बाराशे, आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की वहीचं पान फाडून देतात. फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर अंगठा. पालकांनी दोरीच्या आत यायचं नाही, कडेला उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, एका बापानं 'जोरात पळ' म्हणून ओरडलं तर सरांनी त्यालाच रनअपवर उभं केलं. आम्ही हसलो, पण त्या माणसानं पोरगं काढून घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या पोराचं नुकसान झालं, एवढं ताणायची गरज नव्हती. आवाज पण मोठा आहे सरांचा, हळव्या पोरांना पहिले काही दिवस जड जातं.

मुलींसाठी कपडे बदलायची धड सोय ग्राउंडवर नाही, हा सरांचा दोष नाही पण तुमची अडचण आहेच, घरनंच ट्रॅक घालून पाठवा. वाळू नवीन टाकायला पाहिजे, पावसाळ्यानंतर खडे निघतात, तेवढ्यासाठी आम्ही चार पालकांनी वर्गणी काढली. आणि जून ते सप्टेंबर म्हणजे काय असतं कोल्हापुरात ते वेगळं सांगायला नको, खड्ड्याचं तळं होतं, मग शेडमध्ये नुसता व्यायाम नाहीतर पायऱ्या. पैसे मात्र पूर्ण महिन्याचेच. यावर मी बोललो सरांशी, त्यांचं म्हणणं उडी पावसाळ्यातच बनते, ऑक्टोबरात ती नुसती दिसते. वाक्य भारी आहे पण बाराशे ते बाराशेच.

खाण्याचं मात्र डोकेदुखी नाही. कुठल्या डब्यातली पावडर आणायला सांगत नाहीत, उलट कुणी आणली तर डबा हातात घेऊन मागचं बारीक अक्षर त्यालाच वाचायला लावतात, की यात काय आहे सांग, नाही सांगता आलं तर टाक. दूध, अंडी, शेंगदाणे-गूळ, भाकरी. रविवारी जास्तीचं ट्रेनिंग झालं की मी भाचीला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेतो, समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, ती एका दमात संपवते आणि मी उगाच सोबतीला म्हणून घेतो आणि माझंच पोट वाढतंय.

कुणी जावं आणि कुणी नाही ते पण सांगतो. ज्यांना दहावीला खेळाचे वाढीव गुण पाहिजेत आणि त्यासाठी सहा महिन्यांत सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी जाऊ नका, चिडचिड होईल. आधीच चांगली उडी मारणारं सतरा-अठराचं पोरगं असेल तर त्यानं एकदा जाऊन सरांना उडी दाखवावी, पटलं तर ते घेतात नाहीतर सरळ सांगतात की तू चार सौ मीटरला जा, आणि त्यातली एक मुलगी आता खरंच चारशे पळतीय आणि चांगली पळतीय. बारा-तेराची पोरं असतील आणि तुमच्याकडं वाट बघायची तयारी असेल तर यासारखी जागा मला तरी कोल्हापुरात दुसरी दिसली नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या पावसाळ्याच्या फीचा कापला.

जायचंच असेल तर जूनमध्ये नाव घालू नका, दिवाळीच्या आसपास जा, म्हणजे पोराला निदान वाळू दिसेल. सुरुवातीला साधे पळायचे बूट आणि एक दोरी बास, स्पाइक्स सर सांगतील तेव्हाच घ्या. उडीचे स्पाइक्स इथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत, दुकानदार पळायचेच पुढं करतो, पण तिहेरीच्या बुटाला टाचेखाली जाड सोल लागतो, ऑनलाइन मागवायला लागतात आणि साइज एक नंबर चुकली की परत पाठवायचा ताप. भाचीचे पहिले आता लहान झालेत, साइज ४, खिळे बदललेले आहेत, डाव्या बुटाची चिकटपट्टी जरा सुटलीय पण मोच्याकडं होईल. कुणाच्या मुलीला बसत असतील तर सांगा, फुकट देतो, फक्त सकाळी ग्राउंडवरच येऊन न्या.